श्रद्धा जपावी, सक्ती नको

महोदय,

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सेवा, सत्य, शांती, सहिष्णुता ही मूल्ये मुलांत रुजवावीत, असे म्हटले आहे. ख्रिस्ती संस्थांच्या शाळांना यात परके काहीच नाही. मूल्यशिक्षणाच्या तासाला बायबलमधली, येशूने सांगितलेली चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट सांगा. वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला उचलून उतारशाळेत नेणारा तो प्रवासी कुठल्याही घरच्या मुलाला कळतो. मग वर्गाला विचारावे, आपल्या गावात असा वाटेवर पडलेला कोण आहे?

मात्र धडा आणि उपासना यांतली रेघ पुसता कामा नये. राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना शाळा चालवण्याचा हक्क दिला. तसेच कलम २८ नुसार मान्यताप्राप्त शाळेतल्या मुलाला पालकांच्या संमतीविना उपासनेत बसवता येत नाही. २०२४ मध्ये भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेनेही आपल्या शाळांना सांगितले, की अन्यधर्मीय विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका आणि रोज परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणा. ख्रिस्ती शिक्षिका म्हणून मला हे मनापासून पटते. ‘सारे विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये’ हे येशूचे बोलणे ऐकून बायबलमधला श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला, तेव्हा येशूनेही सक्ती न करता त्याला जाऊ दिले होते.

शाळांनी प्रवेश अर्जातच प्रार्थनेविषयी पालकांची लेखी संमती घ्यावी. नकार देणाऱ्यांच्या मुलांना त्या वेळात वाचनालयात बसू द्यावे, आणि कुणी त्यांच्याकडे वाकड्या नजरेने पाहू नये.

– एक शिक्षिका, वसई