जर्नलवरची सही आणि जर्मनीचा व्हिसा

महोदय,

परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांना ‘इथल्या करदात्याच्या पैशावर शिकून पळणारे’ ठरवणारी पत्रे आपल्या स्तंभात अधूनमधून प्रसिद्ध होतात. सातारा जिल्ह्यातील एका अनुदानित महाविद्यालयात मी गेली २७ वर्षे रसायनशास्त्र शिकवतो आणि या मुलांच्या शिफारसपत्रांवर सह्याही करतो. त्या रोषाचा थोडा वाटा आम्हा शिक्षकांकडेही वळावा, म्हणून हे पत्र.

यंदा बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी शिफारसपत्राचा मसुदा स्वतःच टाइप करून घेऊन आली. हल्ली सगळेच तसे आणतात आणि खरे सांगायचे तर आम्हालाही ते सोयीचे पडते. ‘आधुनिक उपकरणे हाताळण्याचा हिला उत्तम सराव आहे’, असे एक वाक्य त्यात होते. कोणती उपकरणे, असे मी सहज विचारले. ती म्हणाली, “सर, टायट्रेशन सोडून मी स्वतःच्या हाताने फारसं काही केलेलं नाही. स्पेक्ट्रोफोटोमीटरवरचं कापड निघालेलं एकदाच पाहिलं, कॉलेजचं मूल्यांकन करायला नॅकची समिती आली तेव्हा. त्या प्रयोगाची रीडिंग्ज आम्ही मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवली.” त्या जर्नलवर तपासल्याची सही माझी होती.

टायट्रेशन म्हणजे काचेच्या नळीतून थेंब-थेंब द्रावण सोडून मोजायचा साधा प्रयोग; स्पेक्ट्रोफोटोमीटर म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषते ते मोजणारे यंत्र. या यंत्रावर कापड का, तर त्याचा दिवा गेला आहे आणि देखभालीचा करार संपून दोन वर्षे झाली आहेत. आमच्या विभागातील मंजूर सात पदांपैकी तीनच भरलेली आहेत. उरलेले काम तासिका तत्त्वावरचे सहकारी ओढतात. त्यांची नेमणूक सत्र सुरू होऊन महिना-दीड महिना उलटल्यावर होते आणि मानधन त्याहून उशिरा मिळते. त्यांच्यापैकी एक जण प्राध्यापकपदाची ‘सेट’ पात्रता परीक्षा उत्तीर्ण, पीएचडी झालेला, माझ्यापेक्षा चांगले शिकवणारा आहे. सकाळी आमच्याकडे दोन तास घेऊन तो दुचाकीवरून दुसऱ्या तालुक्यातल्या महाविद्यालयात जातो, कारण एका ठिकाणच्या तासिकांवर घर चालत नाही. शिक्षणाच्या दर्जाविषयी मुले काय विचार करतात, हे जाणून घ्यायला सर्वेक्षणाची गरज नाही. मन लावून शिकल्यावर आपले काय होणार, हे त्यांना रोज पहिल्या तासाला फळ्यासमोर उभे असलेले दिसते.

ही मुले डॉलरच्या मोहाने जातात, असे म्हटले जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले, तेव्हा आता तरी मुले इथेच राहतील, असा एक समाधानाचा सूर आमच्या स्टाफरूममध्येही उमटला होता. मुलांनी मात्र दिशा बदलली. आमच्या वर्गातील तिघे-चौघे शनिवार-रविवारी एसटीने पुण्याला जर्मनच्या शिकवणीला जातात. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नसते. मात्र व्हिसासाठी वर्षभराच्या निर्वाहाचे ११,९०४ युरो, म्हणजे १२ लाखांहून अधिक रुपये, तिथल्या ‘ब्लॉक्ड’ खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) आधी दाखवावे लागतात. ते उभे करण्यासाठी एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी उसाचे दीड एकर गहाण टाकले आहे. तिकडे दूध-मधाच्या नद्या वाहत नाहीत, हेही या मुलांना ठाऊक आहे. रात्रपाळीत गोदामात खोकी उचलून शिकणारे आमचेच माजी विद्यार्थी त्यांना फोनवर सगळे सांगतात. एवढे ऐकूनही जो मुलगा जायचे ठरवतो, त्याला मोहात पडलेला म्हणणे मला जमत नाही.

जून २०२५ मध्ये पाच परदेशी विद्यापीठांना मुंबई-नवी मुंबई परिसरात संकुले काढण्यासाठी इरादापत्रे देण्यात आली. त्यामुळे विद्यार्थ्यांचा ओघ थांबेल, असे सांगितले जाते. ज्यांना तिथले शुल्क परवडेल त्यांच्यापुरते ते खरेही ठरेल. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करावा, ही शिफारस मात्र १९६४-६६ च्या कोठारी आयोगाची आहे आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ती उद्दिष्ट म्हणून पुन्हा छापावी लागली, यातच काय ते आले. आमच्या स्पेक्ट्रोफोटोमीटरला आधी एक दिवा हवा आहे आणि तो बसवून वर्ग चालवायला चार पूर्णवेळ माणसे.

शिफारसपत्राचे राहिलेच. ते वाक्य मी खोडून ‘टायट्रेशनमध्ये हिचा हात अत्यंत अचूक आहे’ असे लिहिले, कारण तेवढे मी डोळ्यांनी पाहिले आहे. दुसऱ्या दिवशी ती परत आली आणि संकोचून म्हणाली, की बाकीच्यांच्या पत्रांत ते वाक्य आहे, तिच्याच पत्रात नसले तर ती मागे पडेल. मी मूळ मसुद्यावर सही केली.

आपला,
रसायनशास्त्राचा एक शिक्षक, जि. सातारा