‘सॉलिड ब्राँझ’ म्हणून विकलेल्या जस्ताच्या फ्रेंच फुलदाण्यांबाबत तक्रार

पुणे,
12 ऑगस्ट

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक विभाग

विषय : चुकीचे वर्णन करून विकलेली फुलदाण्यांची जोडी परत घेऊन पूर्ण रक्कम देण्याबाबत

महोदय / महोदया,

14 जूनला मी तुमच्या संकेतस्थळावरून फ्रेंच फुलदाण्यांची एक जोडी घेतली. किंमत 46,500 रुपये, पॅकिंग आणि कुरिअरचे 1,850 रुपये वेगळे. बिल तुमच्याच कंपनीच्या नावाचं आहे, त्याची प्रत जोडली आहे. ऑर्डर क्रमांक त्यावर आहे. वर्णनात लिहिलं होतं : ‘अँटिक फ्रेंच, सॉलिड ब्राँझ, सुमारे 1870, मॅचिंग पेअर’. यातलं ‘फ्रेंच’ तेवढं मला मान्य आहे.

जोडी कशासाठी हवी होती ते सांगते, म्हणजे मी हौसेने तंटा उकरून काढत नाही हे कळेल. आमच्याकडे आजेसासऱ्यांच्या वेळचं फ्रेंच घड्याळ आहे. यंत्र जापी फ्रेअर या फ्रेंच कंपनीचं, मागच्या पत्र्यावरचा पदकाचा ठसा अजून वाचता येतो. फ्रान्समध्ये अशी घड्याळं पुष्कळदा तीन वस्तूंच्या संचात विकत : मध्ये घड्याळ, दोन्ही बाजूंना फुलदाण्या नाहीतर मेणबत्तीची झाडं, आणि हे सगळं शेकोटीवरच्या फळीवर. आमच्याकडे मधलं तेवढं आलं. पुण्यात शेकोटी कुठली, ते शोकेसवर बसलंय आणि बाजू कित्येक वर्षं रिकाम्या आहेत.

या घड्याळावर जी बाई टेकून बसली आहे ती जस्ताची आहे. तिला घरात कुणी कधी ब्राँझची म्हटलं नाही. फ्रेंच लोक या धातूला ‘रेग्यूल’ म्हणतात, मुख्यतः जस्ताचा मिश्रधातू. जस्त 420 अंशांच्या आसपास वितळतं, ब्राँझला हजाराच्या जवळपास जावं लागतं. त्यामुळे रस धातूच्याच साच्यात ओतायचा, कडेला पातळ थर धरला की उरलेला परत ओतून घ्यायचा, वर तांब्या-ब्राँझचा विजेचा मुलामा द्यायचा. एकाच साच्यातून माल निघत राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्यमवर्गीय फ्रेंच घरांत अशा वस्तू भरपूर गेल्या. त्यात कमीपणा काही नाही. कमीपणा आहे तो जस्ताला ब्राँझचा भाव लावण्यात.

20 जूनला पार्सल आलं. उघडतानाच एका फुलदाणीचा कान हातात आला. तुटलेली कड राखाडी, खडीसाखरेसारखी दाणेदार होती. ब्राँझ आतून पिवळट-तांबूस दिसतं हे तुम्हाला मी सांगायला नको. तरी घाई केली नाही. मी 31 वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे, तेव्हा स्वयंपाकघरातला काटा काढला. कान 214 ग्रॅम भरला. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवलं आणि कान दोऱ्याने पाण्यात असा सोडला, की तो भांड्याला कुठे टेकला नाही. काटा 30 ग्रॅमनी वाढला. 214 भागिले 30 म्हणजे 7.13. जस्ताची घनता 7.1 च्या आसपास असते. ब्राँझची 8.8 च्या आसपास, म्हणजे काटा 24 च्या थोडा पुढे थांबायला हवा होता. आठवीच्या मुलांनाही हे करता येतं. तुमच्या तज्ज्ञांनी करायला हरकत नव्हती.

खात्रीसाठी दोन्ही फुलदाण्या कसबा पेठेत तांबट आळीत नेल्या. तिथल्या ओळखीच्या तांबटकाकांनी टिचकी मारली आणि म्हणाले, “ताई, काशाची वाटी अशी बोलते का?” खरंच, आवाज मडक्यासारखा मेलेला. मग बैठकीच्या आतल्या बाजूला, बाहेरून दिसणार नाही अशा ठिकाणी, कानस एकदा हलकी फिरवली. तपकिरी मुलाम्याखाली पांढुरकं जस्त. दोन्हींत तेच. कान डाग देऊन बसवता येईल का विचारलं, तर म्हणाले, ज्योत लावली की कानाबरोबर फुलदाणीही वितळेल. कानस लावण्याआधीचे आणि नंतरचे फोटो सोबत आहेत.

आता ‘मॅचिंग पेअर’. एकीची उंची 31.8 सेंटीमीटर, दुसरीची 31.2. एकीच्या बैठकीत जुना चौकोनी नट, दुसरीच्या तळाला चिकटवलेलं फेल्ट काढलं तर खाली प्लस खाचेचा फिलिप्स स्क्रू, जो 1930 च्या दशकात बाजारात आला. म्हणजे दुसरी निदान एकदा तरी उघडून पुन्हा जुळवली आहे, आणि वर्णनात दुरुस्तीचा शब्द नाही. दोघींवरच्या पंखवाल्या मुलांची तोंडंही डावीकडेच आहेत. घड्याळाच्या दोन बाजूंना ठेवल्यावर एक मुलगा घड्याळाकडे बघतो, दुसरा आमच्या फ्रीजकडे.

सालाबद्दल थोडक्यात. एकीच्या तळाला ‘मेड इन फ्रान्स’ असा इंग्रजीत ठसा आहे. आयात मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत हवं, असा अमेरिकेचा कायदा 1890 चा. त्यानंतर असे ठसे सर्रास दिसतात. एवढ्यावरून मी साल ठोकून सांगत नाही, पण 1870 लिहिणाऱ्याने फुलदाणी उलटी करून पाहिली नव्हती हे नक्की.

24 जूनला मी हे सगळं फोटोंसह ईमेलने कळवलं. पोच आली नवव्या दिवशी. पहिलं उत्तर होतं, “अँटिक वस्तूंवर परतावा नाही.” दुसरं, “ब्राँझ हा शब्द फिनिशबद्दल आहे.” मग ‘सॉलिड’ हा कुठला रंग? तिसऱ्या उत्तरात पुढच्या खरेदीवर 10 टक्क्यांचं कूपन आलं. ते मी वापरणार नाही.

ई-कॉमर्ससाठीच्या 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. जाहिरातीत सांगितलेले गुण नसलेला माल परत घ्यायला स्वतः विक्री करणाऱ्या कंपनीला नकार देता येत नाही, हेही त्यांतच आहे. ‘परतावा नाही’ ही तुमची अट त्यापुढे टिकत नाही.

म्हणून 48,350 रुपये पूर्ण परत हवेत, आणि वस्तू नेण्याचा खर्च तुमचा. किंमत कमी करून ठेवून घ्या, असा फोनवर सुचवलेला मार्ग मला नको. साधं ‘जस्त, मुलामा दिलेलं’ लिहिलं असतंत, तर योग्य भावात मी कदाचित आनंदाने घेतल्याही असत्या. तुमच्या संकेतस्थळावर याच वर्णनाची आणखी एक जोडी काल रात्रीपर्यंत होती. तिचं वर्णन आधी दुरुस्त करा.

27 ऑगस्टपर्यंत रक्कम खात्यावर आली नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. 2019 च्या कायद्यामुळे तक्रार मी राहते तिथे करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, त्यामुळे मला मुंबईला खेटे घालावे लागणार नाहीत.

मूळ खोकं आणि थर्माकोल जपून ठेवलं आहे. नेणाऱ्या माणसाला सांगा, तुटका कान वेगळ्या डबीत आहे. तो फुलदाणीच्या आत टाकू नये.

आपली,
एक ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, वर्णनाच्या पानाचा स्क्रीनशॉट, 14 फोटो, ईमेलच्या प्रती