'बेन्जी' संथ आहे, पण कुत्रा बघा ना!

संपादक महोदय,

मुलांना जुने फॅमिली पिक्चर कोणते दाखवायचे असा विषय निघाला की 'बेन्जी' येतोच आणि लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते काय बोअर आहे, कुत्रा नुसता पळतोय, माणसांची अ‍ॅक्टिंग बेताची, आणि दुसरी डोळे पुसत बसलेली. मला विचाराल तर पहिल्यांचं निम्मं खरंय, गोष्टीतले पोरांना पळवणारे किडनॅपर अगदीच बावळट आहेत आणि त्या पांढऱ्या कुत्रीसोबतचा स्लो मोशन तर फॉरवर्ड करावासा वाटतो. पण १९७४ साली दिग्दर्शक जो कॅम्पने हा पिक्चर टेक्सासमध्ये साधारण ५ लाख डॉलरमध्ये काढला, हॉलिवूडच्या स्टुडिओंनी हात वर केले तर स्वतःच थेटरात लावला आणि चिक्कार कमावले, हे पण बघा की! हीरो कोण, तर शेल्टरमधून आणलेला हिगिन्स, टीव्हीवर काम करून रिटायर झालेला म्हातारा कुत्रा. कॅमेरा बऱ्याचदा त्याच्याच उंचीवर, आणि तो नुसता बघतो तरी कळतं डोक्यात काय चाललंय, ट्रेनर फ्रँक इनला सलाम.

फक्त व्हिलन त्या छोट्या कुत्रीला लाथ मारतो तो सीन लहान पोरांना झेपत नाही, रडारड होते, तेव्हा शेजारी कोणीतरी मोठं माणूस बसा. २०१८ चा नेटफ्लिक्सवाला नवा पण आहे, चकचकीत आहे, पण मी जुन्याच्या पार्टीत.

- एक वाचक, सांगली