डाळ बंद करा हे छापलंत, किती खायची ते पण छापा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मंगळवारच्या तुमच्या आरोग्याच्या पानावर किडनीच्या पेशंटसाठी जो तक्ता आलाय त्याबद्दल लिहितोय. डावीकडं 'टाळा', त्यात डाळी, दूध, दही, पनीर, अंडी, मटण, शेंगदाणे. उजवीकडं 'खा', त्यात भात, साबुदाणा, दुधी, सफरचंद. बास. किती टाळायचं, कुणी टाळायचं, कुठल्या स्टेजला टाळायचं याचा एक शब्द नाही. तसलाच एक झेरॉक्स कागद आमच्या फ्रिजवर दीड वर्ष चिकटवलेला होता म्हणून राहवलं नाही.

आमचे अण्णा, वय ६४, चाळीस वर्षं चादरीच्या कारखान्यात माग चालवला. शुगर नाही, बीपी मात्र जुना, आणि कंबर दुखली की मेडिकलमधून पेनकिलरची पट्टी आणून खायची सवय, जी किडनीला किती वाईट असते ते आम्हाला फार उशिरा कळलं. क्रिएटिनिन, म्हणजे रक्तातला जो कचरा किडनीनं बाहेर काढायचा असतो तो, ३.१ निघालं, स्टेज ४ म्हणाले, म्हणजे किडनीच्या आजाराच्या पाच पायऱ्यांतली चौथी. ओपीडीत आमचा नंबर यायला तीन तास लागले आणि आत गेल्यावर तीन मिनिटं पण मिळाली नाहीत, त्यात शेवटचं वाक्य होतं "प्रोटीन कमी करा", आणि बाहेर काउंटरवर तो कागद हातात दिला. डॉक्टरांना दोष देत नाही, बाहेर शंभर माणूस बसलेलं असतं. पण 'कमी करा'चं आमच्या घरात 'बंद करा' झालं ना. आई तर इतकी घाबरली की डाळीचं वरचं नुसतं पाणी द्यायला लागली, दूध बंद, दही बंद, अंडं बंद, आणि शेंगा चटणीची बरणी तर चक्क माळ्यावर गेली. सोलापूरच्या माणसाच्या ताटातून शेंगा चटणी उचलायची म्हणजे काय ते सोलापूरकरालाच कळेल. अण्णा चिडून म्हणायचे, "मग खाऊ काय बे, माती?"

सात महिन्यांत वजन ६२ वरून ५३ वर आलं. पट्ट्याला आईनं दाभणानं एक भोक पाडलं, मग दुसरं, मग तिसरं. हातातलं घड्याळ हात वर केला की कोपरापर्यंत घसरायचं. आणि गंमत बघा, ह्याच काळात क्रिएटिनिन ३.१ वरून २.७ वर आलं! आम्ही खूश, आईनं सिद्धेश्वराला नारळ फोडला, मी पेढे वाटले, पथ्य लागू पडलं म्हणून सगळ्या पाहुण्यांना फोन झाले. नंतर कळलं की क्रिएटिनिन तयारच होतं स्नायूतून. स्नायूच आटले तर रक्तात ते कमीच दिसणार, किडनी सुधारलेली असो वा नसो. म्हणजे आम्ही अण्णांच्या मांड्या झिजल्याचे पेढे वाटले.

शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून एका डायटिशियन मॅडमकडं गेलो. त्यांनी रिपोर्ट नंतर बघितला, आधी विचारलं तुमच्याकडची भाकरी केवढी? आईनं हातानं दाखवली. मॅडम म्हणाल्या तसं नाही, घरी जाऊन पीठ मोजा. मग शेजारच्या किराणावाल्याकडनं काटा आणला आणि आईनं एका भाकरीचं पीठ त्यावर ठेवलं, ६० ग्रॅम. ज्वारीत शेकडा दहाच्या आसपास प्रोटीन असतं, म्हणजे एका भाकरीत ६ ग्रॅम. दिवसाला तीन भाकरी धरल्या तर १८ झाले. वाटीभर घट्ट वरणात तूरडाळ जाते २५-३० ग्रॅम, त्याचे ६. दोन वेळचा चहा धरून दीडशे मिली दूध, ५. छोटी वाटी दही ३, मूठभर भात ४, भाजीचे ३, आणि दोन चमचे शेंगा चटणीचे ५. बेरीज करा, ४४ ग्रॅम.

आता सांगतो खरी गोष्ट. डायलिसिसवर नसलेल्या, स्टेज ३ ते ५ च्या माणसाला आजकाल सांगतात ते वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८ ग्रॅम, आणि काही ठिकाणी नीट देखरेखीखाली ०.६ च्या आसपास. ०.८ हा आकडा २०२४ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमधलाच आहे. ६२ किलोला किती झाले, ५० ग्रॅम. म्हणजे आमच्या घरचं साधं ताट, भाकरी भाजी वरण चटणी, आधीपासूनच मापात होतं!! ०.६ धरलं तरी ३७, म्हणजे थोडी काटछाट, अर्धी भाकरी, चटणीचा एक चमचा आणि थोडं दूध, यापेक्षा जास्त नाही. कमी करायला सांगतात ते मुळात रोज मटण-चिकन हाणणाऱ्याला, नाहीतर जिममध्ये डब्यातली पावडर ढवळून पिणाऱ्या पोरांना. किलोमागे १.३ च्या वर जाऊ नका असं तीच गाइडलाइन सांगते. आमच्यासारख्या भाकरी खाणाऱ्या घरात तोच सल्ला तसाच्या तसा लावला की माणूस वाळतो.

प्रोटीन कमी का करायचं हे पण कुणी सांगत नाही. अण्णांना मी त्यांच्याच भाषेत सांगितलं तेव्हा पटलं. शेडमधले निम्मे माग बंद पडले तरी मालकाची ऑर्डर तेवढीच असली की उरलेले माग जास्त पळवावे लागतात आणि ते पण लवकर बिघडतात. प्रोटीन पचलं की युरिया, आम्ल, फॉस्फरस असला माल तयार होतो, तो बाहेर काढायला किडनीतल्या उरलेल्या गाळण्या जास्त दाबानं चालतात. म्हणून ऑर्डर थोडी कमी. पण कामगाराची भाकरीच तोडली तर तो उभा राहील का? जेवणच कमी पडलं की शरीर आपलेच स्नायू जाळतं, आणि त्याचा पण युरियाच होतो, तो त्याच किडनीनं काढायचा. म्हणून प्रोटीन कमी करताना बाकीचं खाणं भरपूर लागतं, किलोमागे २५ ते ३५ कॅलरी, म्हणजे ६२ किलोला साधारण साडेपंधराशे ते पावणेबावीसशे. डाळीच्या पाण्यावर आणि पातळ साबुदाण्यावर अण्णांना हजार तरी मिळत होत्या का देव जाणे.

आणि ह्या पथ्याचा फायदा पण एवढा चमत्कारी नाहीये जेवढा तुमच्या तक्त्यावरून वाटतो. अमेरिकेत ह्यावर ८४० पेशंटचा मोठा अभ्यास झाला होता, १९९४ साली छापून आला, आणि त्यात प्रोटीन कमी केल्यानं किडनी ठळकपणे वाचली असं काही निघालं नाही, फायदा दिसला तो थोडाफार. तेव्हापासून डॉक्टर लोक आपापसात वाद घालतातच. मला एवढंच कळतं की बीपी ताब्यात ठेवणं, पेनकिलर सोडणं आणि मीठ कमी करणं हे आधी यायला पाहिजे. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, सगळं धरून. आमच्याकडं डाळ बंद होती पण पापड, लोणचं, संध्याकाळचं भडंग जोरात चालू होतं! कुणी म्हणालं म्हणून कमी सोडियमवालं मीठ आणलं, तर त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, जे किडनीवाल्याला अजून धोक्याचं. थोडक्यात वाचलो.

गोळ्यांचं पण सांगतो, त्या किटोच्या म्हणतात त्या, प्रोटीनच्या कच्च्या मालाला पर्याय म्हणून देतात. त्यांचा हिशोब फार कमी प्रोटीनच्या जेवणाशी जोडलेला असतो, किलोमागे ०.३-०.४ वालं, आणि पाच किलोला एक गोळी असा, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला १२. आम्ही सकाळ दुपार संध्याकाळ एक एक घेत होतो, महागाच्या, आणि मॅडमनी विचारलं ह्या कशासाठी चालू आहेत तर आमच्याकडं उत्तर नव्हतं. मनानं बंद करा असं म्हणत नाही, पण डॉक्टरला विचारा तरी.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी खरं पत्र लिहायला बसलो. गेल्या वर्षी अण्णांचं डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातनं दोनदा, चार-चार तास. आणि फ्रिजवरचा कागद तिथंच, मॅडमकडं तोवर गेलोच नव्हतो! कुणी सांगितलंच नाही की आता नियम उलटा होतो. डायलिसिसमध्ये प्रत्येक वेळी रक्तातलं अमिनो ॲसिड, म्हणजे प्रोटीनचा कच्चा माल, काही ग्रॅम वाहून जातं, म्हणून आता किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतं, आधीपेक्षा जास्त. आम्ही दोन महिने डब्यात साबुदाणाच नेत होतो. एक दिवस तिथल्या सिस्टरनी डबा उघडलेला बघितला आणि म्हणाल्या, "ओ दादा, हे काय आणताय, अंडं का नाही आणत?" मी त्यांच्यावरच चिडलो, म्हटलं कागदावर लिहिलंय बंद. त्या म्हणाल्या तो कागद फाडून टाका. आता अण्णा डायलिसिसच्या दिवशी दोन उकडलेली अंडी खातात, बाकीच्या दिवशी पिवळं आमच्या पोरीला जातं कारण फॉस्फरस पिवळ्यात जास्त. पाणी मोजून, पोटॅशियमवर लक्ष (आपल्याकडचं डाळिंब पण जपून, हे ऐकून अण्णा परत चिडले), पण डाळ परत आली. वजन ५६ आहे. तीन भोकांपैकी एक आता लागत नाही.

परवा आमच्या गल्लीतल्या काकू घरी आल्या, हातात तुमच्या पेपरातलं कात्रण. त्यांचं पण डायलिसिस चालू आहे. म्हणाल्या, बघ रे पेपरात आलंय, मी कालपासून डाळ आणि अंडं बंद केलंय. पेपरात आलंय म्हटल्यावर मी कोण सांगणारा? मी बीकॉम झालेला माणूस.

तर साहेब, मागणी एवढीच. तो तक्ता परत छापा आणि वर मोठ्या अक्षरात छापा की हा डायलिसिसवाल्यांसाठी नाही. खाली आकडा छापा, किलोमागे किती ग्रॅम, आणि भाकरी, वरण, दही असा हिशोब करून द्या, टोफू आणि ब्रोकोली नको. जमलं तर तेलुगू आणि कन्नडमध्ये पण द्या, आमच्या भागात निम्म्या घरातल्या आज्जींना मराठी वाचता येत नाही. आणि ओपीडीतल्या केसपेपरवर बीपी लिहितात तसं प्रोटीनचा आकडा पण लिहायला काय लागतं ते कुणातरी अधिकाऱ्याला विचारून बातमी करा.

काकूंचं डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी असतं. मंगळवारच्या अंकात आलं तर बरं होईल, मशीनवर बसून त्या पेपरच वाचतात.

आपला,
एक वाचक
अशोक चौक, सोलापूर