आवाहन : दिल्लीतल्या आपल्या अफगाण भावंडांसाठी (कृपया फोटो मागू नयेत)

मंडळीतील सर्व बंधुभगिनींना सप्रेम सलाम.

गेल्या रविवारी उपासनेनंतर सूचना देताना माइक बंद पडला आणि निम्मी मंडळी चहाकडे वळली, म्हणून हे लेखी कळवत आहे. बँकेत मार्चअखेरची कामं आहेत, रात्री साडेअकराला लिहायला बसले आहे. काही मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

आपली साह्य समिती दिल्लीतल्या ज्या सात, इस्लाममधून ख्रिस्ती झालेल्या अफगाण कुटुंबांना मदत करते, त्यांतल्या दोघांना जानेवारीत एका रात्रीत घर सोडावं लागलं. ते का, हे पुढं लिहिते. ते लिहिताना हात जड होतोय, कारण त्यात आपलाच दोष आहे. पण आधी ज्यांचे उपकार मानायचे त्यांचे मानू द्या. गेल्या वार्षिक सभेत तेवढंच राहून गेलं आणि दोघीतिघींनी ते बरोबर मनात धरलं.

ही समिती आजची नाही. १९९३ साली किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आपल्या तरुण संघानं ट्रकभर धान्य आणि ताडपत्र्या नेल्या होत्या. त्या ट्रकमध्ये बसलेली पोरं आज मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीत आहेत (आणि सगळ्यांच्या पाठी धरल्या आहेत). २०१९ ला सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं तेव्हा महिला संघानं तीन दिवस अखंड भाकऱ्या भाजल्या. कोविडमध्ये आपल्या हॉलमधून डबे गेले, आणि ते कोणाच्या दारात गेले हे कधी कोणी विचारलं नाही. अफगाण कुटुंबांचं काम सुरू झालं ते २०२१ च्या ऑगस्टमध्ये. १५ तारखेला काबूल तालिबानच्या हाती गेलं. त्यानंतरच्या रविवारी पुण्यात शिकायला आलेला एक अफगाण मुलगा मागच्या बाकावर येऊन बसला. उपासना सुटल्यावर आपण एकमेकांना “सलाम” म्हणतो हे ऐकून तो आधी दचकला, मग हसला आणि मग रडला. त्याच्याकडूनच दिल्लीतल्या या घरांची माहिती कळली.

पहिलं दान कोणाचं, हे आता सांगायला हरकत नाही, कारण बाई प्रभूकडे गेल्या. आपल्या संडे स्कूलच्या थोरल्या बाई, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी पेन्शनच्या थकबाकीतले दहा हजार पाकिटात घालून दिले. वर लिहिलं होतं, “फलकावर नाव नको, पावतीवर चालेल.” हेन्री मार्टिन या इंग्रज पाळकाची गोष्ट बाई आम्हाला लहानपणी सांगायच्या. १८११ मध्ये तो मुंबईहून जहाजानं इराणकडे गेला, शिराझमध्ये बसून त्यानं नव्या कराराचं फारसी भाषांतर पुरं केलं, आणि पुढच्याच वर्षी तुर्कस्तानात तोकात गावी तापानं गेला. वय ३१. या कुटुंबांची दरी भाषा म्हणजे अफगाणिस्तानातली फारसीच, हे कळल्यावर बाई म्हणाल्या, “म्हणजे ते पुस्तक आपल्याच बंदरावरून गेलं होतं की गं.”

आणि एक नाव, जे चाचांनीच लिहू नको म्हणून सांगितलंय. ते आपल्या मंडळीतले नाहीत. ट्रान्सपोर्टचा धंदा करणारे मुसलमान गृहस्थ आहेत. महिला संघाच्या गोधड्यांचे दोन मोठे गठ्ठे त्यांनी दिल्लीला फुकट पोचवले, कोणासाठी आहेत ते पुरतं ठाऊक असताना. मी चाचरत विचारलं, तर म्हणाले, “दीनच्या (धर्माच्या) बाबतीत जबरदस्ती नाही, हे आमच्याच किताबात दुसऱ्या सूऱ्यात (अध्यायात) लिहिलंय, ताई.” काही मंडळी या कामाचा उपयोग आपल्या मोबाइलवरच्या भांडणांसाठी करतात. त्यांनी चाचांची आठवण ठेवावी. इराणात पाळक युसेफ नदरखानी यांना २०१० साली धर्मत्यागाबद्दल फाशीची शिक्षा झाली तेव्हा त्यांचं वकीलपत्र घेणारे मोहम्मद अली दादखा हे मुसलमानच. नदरखानी २०१२ मध्ये त्या आरोपातून सुटले, आणि त्याच महिन्यात दादखा स्वतः तुरुंगात गेले.

आता नाताळचं.

गेल्या नाताळात यांतलं एक कुटुंब आणि त्यांच्याच वरच्या मजल्यावरचं दुसरं, अशी दोन्ही आपल्या निमंत्रणावरून पुण्याला आली होती. मुलांनी दरी भाषेत गीत म्हटलं, तुम्ही टाळ्या वाजवल्या. पाळकसाहेबांनी फोटो काढू नका म्हणून दोनदा सांगितलं होतं. तरी कोणीतरी काढला, आणि “इस्लाममधून प्रभूकडे आलेलं कुटुंब” असं खाली लिहून स्टेटसला ठेवला. प्रेमानंच ठेवला, वाईट हेतू नव्हता हे मला माहीत आहे. चौथ्या दिवशी काबूलहून त्या कुटुंबातल्या ताईंच्या दिराचा आवाजी निरोप आला. दिल्लीत परतल्यावर आठवड्याच्या आत त्यांच्याच गल्लीतले दोघे अफगाण दारात उभे राहून घरधन्याचं पूर्ण नाव विचारू लागले. त्या रात्री दोन्ही घरं रिकामी केली. गाद्या, शेगडी, मुलांची दप्तरं उचलता आली. जुन्या घरमालकानं अनामत रक्कम परत दिली नाही.

“आता भारतात आहेत ना, मग भीती कसली?” हे मला या वर्षात निदान वीस जणांनी विचारलं आहे. भीती सरहद्दीवर थांबत नाही, कारण ती बहुतेक वेळा घरातूनच निघते. २००६ साली काबूलमध्ये अब्दुल रहमान यांच्यावर मुसलमानी धर्म सोडल्याचा खटला चालला. सरकारी वकील फाशी मागत होता. ते ख्रिस्ती झाले होते त्याला तेव्हा पंधरा-सोळा वर्षं उलटली होती. तक्रार केली ती मुलींच्या ताब्यावरून भांडणाऱ्या घरच्याच लोकांनी. तालिबान तेव्हा सत्तेवर नव्हते बरं. २००४ ची राज्यघटना होती, दंडसंहितेत धर्मत्यागाला शिक्षाही नव्हती. पण जिथं कायदा गप्प तिथं न्यायालयानं हनफी शास्त्र (इस्लामी कायद्याचा एक पंथ) पाहावं, असं त्याच घटनेच्या १३० व्या कलमात होतं. जगभरातून ओरड झाली म्हणून ते सुटले आणि इटलीनं आसरा दिला.

आणि फोटोचं म्हणाल तर २०१० आठवा. अफगाण लोकांचा बाप्तिस्मा होतानाची दृश्यं काबूलच्या एका वाहिनीनं दाखवली. रस्त्यावर मोर्चे निघाले, संसदेत त्यांना फाशी द्या अशी मागणी झाली आणि धरपकड सुरू झाली. त्यात सईद मुसा सापडले. एक पाय गमावलेला माणूस, रेड क्रॉसच्या केंद्रात पाय गमावलेल्यांसाठीच वर्षानुवर्षं काम करणारा. २०११ च्या फेब्रुवारीत सुटका होईपर्यंत आठ-नऊ महिने तो आत होता. चार मिनिटांच्या चित्रफितीची ही किंमत होती की दोन मिनिटांच्या, याला काय अर्थ आहे? चेहरा ओळखू आला, एवढं पुरलं.

इराणचे बिशप हसन दहकानी-तफ्ती मुसलमान घरात जन्मलेले. १९७९ च्या ऑक्टोबरमध्ये इस्फहानला त्यांच्या झोपायच्या खोलीत शिरून मारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या. उशीला भोकं पडली, बिशप वाचले, त्यांच्या अंगावर झेपावलेल्या पत्नी मार्गारेट यांच्या हाताला गोळी लागली. पुढच्या मे महिन्यात त्यांचा २४ वर्षांचा मुलगा बहराम याला तेहरानजवळ ठार केलं. बिशप उरलेलं आयुष्य इंग्लंडमध्ये राहिले, २००८ साली गेले. पाळकसाहेब उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) यांच्याबद्दल बोलणार आहेत, म्हणून मी लांबवत नाही.

सगळीकडे गोळीच लागते असंही नाही. मलेशियात लीना जॉय या ख्रिस्ती झालेल्या बाईंनी ओळखपत्रावरचा “इस्लाम” हा शब्द काढा म्हणून वर्षानुवर्षं कोर्टात चकरा मारल्या. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन विरुद्ध एक मतानं नाही म्हटलं. त्यामुळं ख्रिस्ती माणसाशी कायद्यानं लग्न करायची वाटही बंद.

आपल्या कुटुंबांकडे असलेला कागद म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाचं कार्ड. १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही, त्यामुळं त्या कार्डावर रीतसर नोकरी मिळत नाही. घरमालक ते उलटसुलट करून बघतो आणि भाडं वाढवून सांगतो. २०१९ च्या नागरिकत्व कायद्यात अफगाणिस्तानातले ख्रिस्ती आहेत खरे, पण ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले. आपले सातही त्यानंतरचे. शिवाय दिल्लीत राहायचं तर अफगाण वस्तीत राहणं सोयीचं. दुभाष्या तिथं, नानवाला तिथं, मुलांची शिकवणी तिथं. आणि नेमकं तिथंच यांना राहता येत नाही. लांब राहावं लागतं, म्हणून घर महाग पडतं. आपल्या समितीचा सगळा खर्च मुळात या लांब राहण्याचाच आहे.

आता थोडं मनातलं. आवाराच्या भिंतीसाठी आवाहन केलं तेव्हा तीन आठवड्यांत पैसे जमले, आणि वर उरले. या कामासाठी गेल्या वर्षी दोनदा पत्र काढलं. उत्तरादाखल अकरा पाकिटं आली. पाचसहा जणांनी तोंडावर विचारलं, “फोटो नाही, नाव नाही, मग पैसे जातात कुठं?” हिशेब तपासनीसांनी तपासलेला आहे, भाड्याच्या पावत्या खजिनदार काकांकडे आहेत, पंचकमिटीच्या कोणाही दोघांनी येऊन बघाव्यात. पण फोटो मिळणार नाही. दिल्लीत नोकरीला असलेली आपलीच एक ताई दर महिन्याला सुट्टी टाकून या घरांत जाते, पदरचं रिक्षाभाडं घालून. तिच्या कानावर हे बोलणं गेलं. ती काही बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

काही जणांना वाटतं आपण माणसं बाटवायला पैसे देतो. ही माणसं आपल्याला भेटण्याआधीच, आपापल्या देशात, आपापल्या जिवावर ख्रिस्ती झालेली आहेत. आपण फक्त भाडं देतो.

गरज अशी : दोन घरांची नवी अनामत, दलाली आणि सामान हलवणं मिळून ८१,००० (हे खजिनदार काकांनी स्वतःच्या ठेवीतून भरलेत, त्यांना परत द्यायचेत), सात घरांचं निम्मं भाडं दरमहा ४२,००० प्रमाणे एप्रिल ते सप्टेंबर २,५२,०००, एका ताईंचं मे महिन्यातलं बाळंतपण आणि एका आजोबांचं इन्सुलिन ४०,०००. एकूण ३,७३,०००. शिल्लक ११,४६०. कमी पडतात ३,६१,५४०. रोख, धनादेश किंवा कार्यालयाच्या दारावर चिकटवलेला क्यूआर कोड. खाते क्रमांक पावतीपुस्तकाच्या मागे आहे. आयकरातली ८० जी ची सवलत हवी असल्यास पॅन द्यावा, रोख २,००० च्या वर असेल तर सवलत मिळत नाही, आणि याच वर्षात हवी तर ३१ मार्चच्या आत. आपली एफसीआरए नोंदणी (परदेशी देणगी घेण्याची परवानगी) नाही, त्यामुळं परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकांनी कृपया पाठवू नये, परत करावे लागतात. गोधड्या सध्या नकोत, पुरेशा आहेत. प्रेशर कुकर चालतील (५ लिटर). कार्यालय मंगळवार ते शनिवार सायंकाळी ५ ते ७, रविवारी उपासनेनंतर. मी संध्याकाळी सहानंतरच सापडेन. दिल्लीचा पत्ता कोणी विचारू नये, मलाही पूर्ण माहीत नाही.

आपली,
सचिव, साह्य समिती

ता. क. : नाताळचा तो फोटो अजून ज्यांच्या फोनमध्ये असेल त्यांनी तो आजच काढून टाकावा, आणि पुढं ज्यांना पाठवला त्यांनाही काढायला सांगावं. कोणी काढला होता हे मी विचारणार नाही.