परत आलेल्या पुस्तकांवरच्या चिठ्ठ्या

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

वयाने आपण माझ्याहून बऱ्याच लहान आहात. पण आपल्याकडे ताई म्हणायला वय पाहत नाहीत. वडिलांच्या ट्रंकेतल्या जुन्या कॉमिक्ससाठी आपण जे केलेत, त्याच्या आभाराचे हे पत्र खासगीत पाठवले असते तर ‘एवढे काय केले मी’ असे म्हणून आपण विषय बदलला असता, याची मला खात्री आहे. म्हणून ते सर्वांसमोर लिहितो आहे. रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत जहाजावर नोकरी केलेल्या माणसांची घरे पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या काही पोटमाळ्यांवर माझ्या वडिलांच्या ट्रंकेसारख्या ट्रंका असणार. त्या घरच्यांनाही हे कळलेले बरे.

माझे वडील मालवाहू जहाजावर इंजिनखात्यात होते. १९७० च्या दशकात बोट ज्या बंदराला लागेल तिथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ते अमेरिकी कॉमिक्स घेऊन येत. इंग्रजी सुधारावे म्हणून घेतो, असे आईला सांगत. आईचा त्यावर कधीच विश्वास बसला नाही. वेंगुर्ल्याच्या घरी ती पत्र्याच्या ट्रंकेत, वेखंड आणि कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेली असत. त्यामुळे वाळवी आणि कसर यांच्यापासून ती वाचली. आपल्या हवेपासून मात्र काहीच पुरते वाचत नाही. चार महिन्यांचा पाऊस आणि बारा महिन्यांचा खारा वारा यांत पिना गंजतात, गंजाचा तांबूस डाग मधल्या पानावर उतरतो, आणि मुळात स्वस्त असलेला तो वर्तमानपत्री कागद कडांकडून पिवळा होत जातो. वडील गेल्यानंतर घराच्या छपराचे काम निघाले, तेव्हा यातली काही पुस्तके विकावीत आणि उरलेली जपावीत, असे आम्हा भावंडांचे ठरले. विकायची तर त्यांची श्रेणी, म्हणजे प्रत्येक पुस्तक किती चांगल्या स्थितीत आहे हे, कोणीतरी तटस्थपणे ठरवायला हवी, एवढे मला वाचून कळले होते.

आपल्याकडे येण्याआधी मी ज्या दारांतून परतलो, त्यांची नावे लिहिणार नाही. एका मोठ्या शहरातील व्यापाऱ्याने ट्रंकेतील पुस्तके वरवर चाळली, ज्यांच्या मुखपृष्ठावर सेंट्सऐवजी पेन्समध्ये किंमत होती ती ‘नकली’ म्हणून बाजूला फेकली आणि सगळ्यांचा मिळून असा भाव सांगितला की वजनकाटा आणायचाच तेवढा बाकी राहिला होता. दुसरे गृहस्थ फार गोड बोलले. ‘सगळीच अमेरिकेला पाठवू, पूर्ण श्रेणीकरण करून घेऊ’, असा त्यांचा आग्रह होता. त्यांची दलाली दर पुस्तकामागे होती, हे नंतर ध्यानात आले. पुस्तकाच्या मणक्यावर, म्हणजे पाने जोडलेल्या पाठीच्या कडेवर, जिथे घडीमुळे रंग तुटून पांढऱ्या रेघा दिसतात, तिथे त्याच रंगाचे पेन फिरवून देण्याचीही त्यांची तयारी होती आणि गंजलेल्या पिना काढून नव्या घालणारा माणूस त्यांच्या ओळखीचा होता. ही सेवा ते वेगळे पैसे न घेता देणार होते, हे त्यांनी दोनदा सांगितले.

आपल्याला हे सांगितले तेव्हा आपण हसलात, आणि मग अगदी शांतपणे, मला अडाणी न ठरवता, सारे समजावून दिलेत. फ्लोरिडातील सॅरासोटा येथील सीजीसी ही संस्था २००० सालापासून कॉमिक्सचे श्रेणीकरण करते. तिची मोजपट्टी ०.५ पासून १० पर्यंत असते आणि एकाहून अधिक तज्ज्ञ पुस्तक पाहून श्रेणी ठरवतात. त्यानंतर ते पारदर्शक कडक प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद होते. हौसेने फिरवलेले रंगाचे पेन त्या तज्ज्ञांच्या नजरेतून सुटत नाही. तसे आढळले की नेहमीच्या निळ्या लेबलाऐवजी जांभळे लेबल लागते, म्हणजे पुस्तकावर डागडुजी झाल्याची जाहीर नोंद होते आणि मोल उतरते. पेन्सची किंमत छापलेली पुस्तके नकली नसतात. ब्रिटनसाठी ती अमेरिकेतच, त्याच छपाईत, फक्त मुखपृष्ठावरची किंमत बदलून काढली जात, आणि लेबलवर तशी नोंद होते. वडिलांनी लिव्हरपूलला घेतलेली ती पुस्तके व्यापाऱ्याच्या टेबलावरून मी उचलून आणली होती. ती खरी आहेत हे आपल्या तोंडून ऐकले तेव्हा मला किती बरे वाटले, ते आपल्याला कळले नसेल.

आणि पूर्वतपासणी म्हणून काही सोय असते, हेही प्रथम आपणच सांगितलेत. पाठवणाऱ्याने एक किमान श्रेणी ठरवून द्यायची. तज्ज्ञांना जे पुस्तक तिच्या खाली वाटेल ते सीलबंद न होता, पूर्ण शुल्काऐवजी थोडके शुल्क आकारून परत येते. ज्यांची दलाली नगावर असते ती माणसे या सोयीचे नाव का काढत नाहीत, हे उघड आहे. मात्र त्यासाठी पुस्तके ठरावीक किमान संख्येने द्यावी लागतात, आणि आपण स्वतः केलेल्या निवडीनंतर माझी पुस्तके त्या संख्येला पुरत नव्हती. आपण आपल्या कपाटातली घालून ती संख्या भरलीत. ऐकणारे म्हणतील की खरे उपकार हेच. ते आहेतच, ताई, आणि त्यांच्याविषयी शेवटी लिहिणार आहे. पण हे पत्र लिहायला मला ज्याने बसवले ते दुसरेच आहे.

कुडाळला आपल्या घरी आपण माझी पुस्तके एकेक करून पाहिलीत. पाऊस पूर्ण सरल्यावर, हवा कोरडी झाल्यावरच ती उघडायची, असे आपण बजावले होते, त्यामुळे दिवाळी उलटून गेली होती. आपण प्रत्येक पान उलटलेत. १९७४ च्या सुमारास मार्व्हल या प्रकाशकाच्या पुस्तकांत वाचकांनी कापून संग्रही ठेवायचे छोटे चौकोन छापलेले असत आणि ‘द इन्क्रेडिबल हल्क’चा १८१ वा अंक, ज्यात वुल्व्हरिन हा पुढे गाजलेला नायक प्रथमच पुरता कथेत उतरतो, तो हाती लागूनही तो चौकोन नसल्यामुळे कपाळाला हात लावलेले संग्राहक जगभर आहेत, हे आपण पाने उलटता उलटता सांगत होतात. माझ्याकडे तो अंक नव्हता. पण दुसऱ्या एका अंकातला चौकोन कुठल्याशा बंदरावरच्या पोराने कात्रीने नीट कापून नेलेला निघाला आणि आपण दोघेही त्या पोराच्या सुबक कापणीवर हसलो.

काही दिवसांनी जी पुस्तके पाठवण्याजोगी नव्हती, त्यांचा गठ्ठा आपण परत दिलात. घरी येऊन सोडला, तर प्रत्येक पुस्तक नव्या पारदर्शक पिशवीत, पाठीला ताठ पुठ्ठा, आणि प्रत्येक पिशवीवर बाहेरून अडकवलेली एक चिठ्ठी. पुस्तकाला दाब किंवा डाग लागू नये म्हणून बाहेरून. आणि शाई उतरण्याची भीती नको म्हणून पेन्सिलीने. प्रत्येक चिठ्ठीवर आपल्या नीट, गोल अक्षरात, ते पुस्तक का जाणार नाही याचे कारण होते. ‘मणक्याला खालून तिसऱ्या भागात रंग तुटला आहे.’ ‘मधले पान पिनेवरून सुटले आहे, चिकटवू नये.’ ‘गंज तीन पानांत उतरला आहे, पिना काढू नयेत, कोरडे ठेवावे.’ ‘मागील मुखपृष्ठावर पाण्याची रेघ आहे, छपरातून आलेली वाटते.’ ती छपरातूनच आलेली होती.

ज्या पुस्तकांतून आपल्याला, मला किंवा कोणालाही एक पैसा मिळणार नव्हता, त्यांच्यासाठी आपण हे केलेत. व्यापाऱ्याने ज्यांना ‘बाकीचे’ म्हटले होते, त्यांतल्या प्रत्येकाला आपण स्वतंत्र पाहिले होते आणि नाकारतानाही कारण दिले होते. नकार कसा द्यावा हे फार थोड्यांना येते. कचेऱ्यांत, दुकानांत, आजकाल तर दवाखान्यांतही, नाही म्हणणारा माणूस आपल्याकडे मान वर करून पाहतदेखील नाही. आणि आपण त्याला इतके सरावलो आहोत की कोणी दोन ओळींचे कारण लिहून दिले तर डोळ्यांत पाणी येते. माझ्या आले. माझ्या बहिणीने सगळ्या चिठ्ठ्या एका बैठकीत वाचून काढल्या आणि ‘बाबांच्या पुस्तकांकडे एवढे तर आपणही पाहिले नाही’, असे ती म्हणाली.

त्यांतली एक चिठ्ठी मालवणीत होती. ते पुस्तक सर्वांत जीर्ण, वडिलांच्या हाताच्या तेलाने कोपरे काळे झालेले, मुखपृष्ठ अर्धे सुटलेले. त्यावर आपण श्रेणीबद्दल काहीच लिहिले नव्हते. ‘वाचूक चांगलां. विकू नकात.’ एवढेच. ते आम्ही विकणार नाही.

अमेरिकेहून निकाल आला, तेव्हा आपण पाठवलेल्यांपैकी बहुतेक पुस्तके ठरवलेल्या श्रेणीच्या वर उतरली होती. पेन्सवाल्यांपैकी एकाला तर मी ज्याची आशाही धरली नव्हती ती ९.० श्रेणी मिळाली, आणि लेबलाचा रंग निळा आहे. तो आकडा मी ‘नकली’ म्हणणाऱ्या गृहस्थांना कळवावा, असा मोह झाला होता. कळवला नाही, हे पत्र त्यांच्या वाचनात आले तर मात्र माझा इलाज नाही.

आता राहिलेली गोष्ट. संख्या भरण्यासाठी आपण जी आपली पुस्तके घातली होती, त्यांतली काही परत आली. माझ्या पुस्तकांना साजेल अशी किमान श्रेणी आपण ठरवली होती. आपली निवड तिच्या हिशेबाने केलेलीच नव्हती. त्या परत आलेल्या पुस्तकांचे शुल्क आपण भरलेत, आणि मी विचारले तेव्हा ‘ती माझीच पुस्तके होती’ असे म्हणून पैसे घेतले नाहीत. फणस चालेल, असे वर म्हणालात. फणस तर येईलच, बरका आणि कापा दोन्ही येतील, आणि सोलेही येतील. पण ते शुल्क मला देऊ द्यावे, अशी मी आता चारचौघांसमोर विनंती करतो आहे. पुढच्या आठवड्यात कुडाळला येतो तेव्हा पाकीट टेबलावर ठेवीन. कृपा करून ते फणसाच्या पिशवीत घालून परत पाठवू नये.

आईने आणि बहिणीने नमस्कार सांगितला आहे.

आपला ऋणी,
वेंगुर्ल्याचा ट्रंकवाला