गुप्तहेर बेळगावातही फिरू द्या

महोदय,

मराठी रहस्यकथेतला गुप्तहेर कायम मुंबई-पुण्यातच का फिरतो? परवा खडेबाजारात एका भांड्यांच्या दुकानात उभा होतो. मालक गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये भाव ठरवत होते, फोनवर उर्दूत बोलत होते, मध्येच पोऱ्यावर ओरडले, "काय करूलास रे?" नोटा मोजताना मात्र ओठांवर मराठी आकडे. माणूस कोणत्या घरात वाढला, हे अशा वेळी कळतं. तपास करणाऱ्याला याहून चांगला धागा कुठे मिळणार?

शिवाय आपल्याकडे खासगी गुप्तहेराला पोलिसांचे अधिकार नाहीत. २००७ साली राज्यसभेत त्यांच्यासाठी विधेयक आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. झडती नाही, कॉल रेकॉर्ड मागवणं नाही. माणसांना बोलतं करूनच काम काढायचं, तेही इथे तीन-चार भाषांत. त्यात संशयित सीमेपलीकडे, महाराष्ट्रातल्या शिनोळीकडे निसटला की राज्यच बदललं! एवढी कथा दाराशी असताना आपले लेखक ती लिहीत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आपल्या रविवार पुरवणीत सीमाभागातल्या लेखकाकडून अशी क्रमशः कादंबरी लिहून घ्यावी. आणि कृपा करून शहापूर-अनगोळची बोली 'शुद्ध' करू नये.

– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव